दांडा स्टेअरिंगवरच, गिअर मात्र पाच : इंदूरच्या एका फियाट ११०० डीचं काम

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका मराठी घरातली १९६७ ची फियाट ११०० डी. मूळ इंजिन, मूळ पत्रा, पुढे सलग सीट आणि स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला गिअरचा दांडा. गिअरबॉक्स मात्र थकला होता. दुसरा गिअर उतारावर सुटायचा, तिसऱ्याचा सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर न खरडता बसवणारी पितळी कडी) संपला होता, आणि पहिल्याला तर या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो मुळातच नाही. भेरू घाट चढताना गाडी दुसऱ्यात दमली, की पूर्ण थांबवून पहिला टाकावा लागे. नाहीतर डबल क्लच, म्हणजे एका बदलाला क्लच दोनदा दाबणं.

घरच्यांची मागणी साधी होती. देवास आणि उज्जैनच्या रस्त्यावर इंजिन ओरडू नये आणि घाटात चालत्या गाडीला पहिला पडावा. अट एकच. घरचे काका म्हणाले, "खाली दांडा नको. पुढे तिघं बसतात, तशीच बसणार." फरशीला भोक नाही, सीट कापायची नाही, क्रोमचा दांडा आहे तिथेच राहणार.

अशा कामाकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासावी. जुन्या गिअरबॉक्सचं केसिंग शाबूत असेल आणि नुसते सिंक्रो, बेअरिंग व एखाददुसरा गिअर गेला असेल, तर तोच नीट बांधून घेणं शहाणपणाचं. या गाडीत काउंटर शाफ्टचे दात खचले होते आणि मागच्या बेअरिंगची जागा केसिंगमध्येच सैल झाली होती. म्हणून बदलायचं ठरलं. काढलेला गिअरबॉक्स तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरी ठेवायला दिला. तो भंगारात घालू नये.

गिअरबॉक्सची निवड

इथेच अर्ध्याहून जास्त काम सोपं किंवा अवघड होतं. लोक साधारणपणे जिप्सीचा किंवा एखाद्या जीपचा गिअरबॉक्स आणतात. ते दणकट असतात, पण दांडा थेट वरून आत जातो. वरची टोपी काढून दांड्याच्या जागी स्टेअरिंगवरून येणारी जोडणी करायची, तर एकाच गोळ्याला दोन दिशांनी हलवणारी यंत्रणा गिअरबॉक्सवरच्या फरशीच्या उंचवट्याखाली, बोगद्याच्या अरुंद जागेत बसवावी लागते. होतं, पण घट्ट बसत नाही.

या गाडीसाठी मारुती व्हर्सा-ईको घराण्यातला पाच गिअरांचा गिअरबॉक्स घेतला. व्हर्सा २००१ ची, ईको २०१० ची. दोन्हींत इंजिन पुढच्या सीटखाली, गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि ड्रायव्हरचा दांडा पुढे. त्यामुळे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबली जातात. एक ओळ (समोरासमोरच्या गिअरांची जोडी) निवडते, दुसरी गिअर टाकते. गिअरबॉक्सवर बाहेरच्या अंगाला दोन वेगळे हात, म्हणजे लिव्हर, असतात. स्टेअरिंगवरचा दांडाही नेमक्या दोनच हालचाली देतो. दांडा स्टेअरिंगकडे ओढला किंवा डॅशबोर्डकडे ढकलला, की कॉलमशेजारचा (स्टेअरिंगच्या खांबाशेजारचा) शाफ्ट लांबीत सरकतो. वर-खाली केला, की तोच शाफ्ट फिरतो. सरकणं म्हणजे निवड, फिरणं म्हणजे गिअर.

पाच गिअर चार गिअरांच्या कॉलमवर कसे बसणार, हा प्रश्न सगळे विचारतात. चार गिअरांच्या कॉलमला तीन ओळी आधीच असतात: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा आणि रिव्हर्सची स्वतंत्र ओळ. नव्या गिअरबॉक्सलाही तीनच ओळी लागतात, कारण पाचवा आणि रिव्हर्स एका ओळीत समोरासमोर आहेत. वाढतं ते फक्त तिसऱ्या ओळीतलं दुसरं टोक. ज्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स एका कडेला आणि पाचवा दुसऱ्या कडेला आहे, त्याला चार ओळी लागतात. तो स्टेअरिंगवरच्या दांड्यासाठी घेऊ नये.

गुणोत्तरं पुस्तकातून उतरवून घेण्यापेक्षा टेबलावर मोजावीत. भंगारातून आलेल्या गिअरबॉक्समध्ये आधी काय काय बदललं गेलंय, ते कुणालाच ठाऊक नसतं. प्रत्येक गिअर टाकून आउटपुट शाफ्टचे १० फेरे व्हायला इनपुटचे किती लागतात ते मोजायचं. इथे पहिल्याला जवळपास ३६ लागले, पाचव्याला साडेआठ. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर एक चाक उचलून आणि दुसरं जमिनीवर ठेवून मोजलं: उचललेल्या चाकाचे २० फेरे, प्रॉपेलर शाफ्टचे ४३, म्हणजे ४.३. एकच चाक फिरत असेल तर डिफरन्शियलमुळे चाकाचे दोन फेरे हा एक धरायचा, हे विसरलं की उत्तर निम्मं येतं.

५.२० × १४ च्या टायरचा एक फेरा साधारण १.८६ मीटर. ताशी ८० कि.मी. वेगाला चाक मिनिटाला सुमारे ७१७ फेरे घेतं. सरळ टॉपमध्ये, म्हणजे चौथ्यात, इंजिन ३०८० वर, पाचव्यात २६२० वर. १०८९ सी.सी.च्या, जेमतेम ४० अश्वशक्तीच्या इंजिनाला एवढाच फरक हवा. पाचवा याहून लांब असता, तर सांवेरच्या सपाट रस्त्यावरसुद्धा वारा समोरून आला की चौथ्यात यावं लागलं असतं. पहिला मात्र जुन्या ३.८६ पेक्षा थोडा हलका झाला, साधारण ७ टक्क्यांनी ओढ कमी. चालत्या गाडीत तो सिंक्रोने पडतो, त्यामुळे घाटात हा तोटा भरून निघतो. उभ्या चढावर गाडी उठवताना मात्र क्लच जरा जास्त खेळवावा लागतो, हे घरच्यांना आधीच सांगितलं.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. इथे इंजिन, चासी, बॉडी, आसनं आणि इंधन यांपैकी कशालाही हात लावला नाही. जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणीची सोय आहे, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी त्यात अट आहे. म्हणून या कामात एक नियम पाळला: गाडीच्या पत्र्यावर आणि चासीवर वेल्डिंग नाही, कापाकापी नाही. सगळं मूळ भोकांवर बोल्टने, म्हणजे जुना गिअरबॉक्स एका दिवसात परत बसू शकतो. तरीही काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारणा करावी.

इंजिन आणि गिअरबॉक्सची गाठ

एका मापावर सगळं अवलंबून आहे. ज्या गाडीतून गिअरबॉक्स आला, तिच्यात फ्लायव्हीलचा तोंडचा पृष्ठभाग आणि बेल हाउसिंग (क्लचवरचं आवरण) जिथे इंजिनाला टेकतं तो पृष्ठभाग यांतलं अंतर मोजून घ्यायचं. नव्या जोडणीत तेच अंतर राखलं, की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फोर्क आणि स्टार्टर सगळे आपोआप आपल्या जागी येतात. इथे फियाटच्या फ्लायव्हीलला धरून हिशेब केला तेव्हा मधली प्लेट १४ मि.मी. जाडीची निघाली. अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट घेऊन सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत मिलिंग करून घेतली.

क्लचचा संच पूर्णपणे व्हर्साचा. फियाटच्या फ्लायव्हीलवर त्याच्या प्रेशर प्लेटसाठी नवी भोकं आणि दोन डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिना). फ्लायव्हील लेथवर उतरवून त्यावर व्हर्साची रिंग (स्टार्टर जिला फिरवतो ते दातेरी कडं) चढवली. रिंग सगळीकडून सारखी २०० ते २२० अंशांपर्यंत तापवायची, एका दमात बसवायची आणि आपोआप थंड होऊ द्यायची. पाणी मारू नये. शेवटी फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र बांधून बॅलन्स करून घेतली. क्रँकच्या टोकात पायलट बुश नवं, गनमेटलचं, इनपुट शाफ्टच्या नाकाच्या मापाचं. नाक बुशच्या तळाला टेकता कामा नये, किमान २ मि.मी. मोकळं हवं.

मग मध्य जुळवणं. डायल गेजचं चुंबकी बूड क्रँकच्या फ्लँजवर ठेवून, क्रँक हाताने फिरवत, प्लेटच्या मधल्या गोल भोकाची कड तपासायची. गेजचा पूर्ण फरक ०.२५ मि.मी.च्या आत हवा. प्रत्यक्ष सरकलेलं अंतर त्याच्या निम्मं असतं. पहिल्या बसवणुकीत ०.४६ आला. एवढ्यावर गाडी चालते, पण क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स खरडत पडतो आणि काही हजार किलोमीटरांत पायलट बुश अंडाकृती होतं. दोष गिअरबॉक्सला दिला जातो. विक्षिप्त (मध्य सरकवलेले) डॉवेल करून फरक ०.१६ वर आणला.

गिअरबॉक्स बाहेर काढण्याआधी तो मूळ गाडीत किती अंशांवर कललेला आहे तेही मोजून ठेवावं. तेलाच्या पातळीचा बोल्ट आणि हवेची नळी त्या कोनासाठी बसवलेली असते. कोन चुकला की पातळीपर्यंत भरूनही मागचं बेअरिंग कोरडं राहू शकतं.

स्टेअरिंगकडची बाजू

कॉलमशेजारचा शाफ्ट दोन जागी बुशांत फिरतो, वर आणि खाली. ५०-५५ वर्षांत दोन्ही बुश झिजलेले असतात. दांडा हलवताना शाफ्ट आधी कलतो आणि मग फिरतो. वरचं बुश डेल्रिन नावाच्या कडक प्लास्टिकचं केलं. साधं नायलॉन पावसाळ्यात दमट हवेने फुगतं आणि दांडा जड होतो, म्हणून ते टाळावं. खालचं बुश गनमेटलचं, शाफ्टभोवती ०.०५ ते ०.०८ मि.मी. मोकळीक, ग्रीस निपलसकट. डेल्रिनचा गज आणि गनमेटलची कांडी सियागंजातल्या दुकानांत हिंडून जमवली. आपल्या शाफ्टचं माप नेहमी मायक्रोमीटरने घ्यावं, कारण झिजलेला शाफ्ट सगळीकडे सारखा नसतो.

शाफ्टच्या खालच्या टोकाला दोन भाग बसवले. पहिला, गिअर टाकणारा हात, मध्यापासून ६४ मि.मी. लांब. दांडा मधून वर १४ अंश आणि खाली १४ अंश फिरतो. तेवढ्यात या हाताचं टोक दोन्हीकडे जवळपास १६ मि.मी. जातं. गिअरबॉक्सवरच्या हाताला लागतात १३. दुसरा भाग म्हणजे खाचेची कॉलर आणि तिच्यात बसणारा फोर्क, क्लचच्या रिलीज फोर्कसारखा. शाफ्ट सरकला की फोर्क सरकतो, शाफ्ट फिरला तर कॉलर फोर्कच्या आत नुसतीच फिरते. फोर्कला जोडलेल्या कोनी लिव्हरने शाफ्टची ७ मि.मी. चाल वाढवून निवडीच्या केबलला दिली. लिव्हरचा एक पाय २८ मि.मी., दुसरा ४२, म्हणजे साडेदहा. गिअरबॉक्सला प्रत्येक बाजूला १० हवेत.

या दोन हालचाली एकमेकींत मिसळू नयेत. शाफ्ट सरकतो तेव्हा गिअरचा हातही त्याच्याबरोबर ७ मि.मी. बाजूला जातो आणि केबलला तिरका ओढतो. केबलचं टोक बॉल जॉइंटचं असेल आणि बाहेरची नळी १५० मि.मी. लांबवर पकडलेली असेल, तर तिरकेपणाने लांबीत पडणारा फरक ०.१६ मि.मी. भरतो. तो कुठेच जाणवत नाही. तीच नळी ४० मि.मी.वर पकडली तर फरक अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातो, वर केबल वाकते आणि झिजते. म्हणून जागा कमी पडली तरी हे अंतर कापू नये.

केबली ढकल-ओढ जातीच्या हव्यात. ब्रेकच्या तारेसारखी केबल फक्त ओढते, ढकलल्यावर वाकते. मूळ व्हर्साच्या केबली इथे लांबीला जुळल्या नाहीत. त्याच टोकांच्या, मापाने बनवून घेतल्या. वळणाची त्रिज्या २०० मि.मी.पेक्षा कमी कुठेही नाही. सायलेन्सरच्या नळीपासून १०० मि.मी. दूर, आणि जिथे तेवढी जागा नाही तिथे मध्ये पत्र्याची आड. इंदूरच्या मे महिन्यात बॉनेटखालची उष्णता आणि सायलेन्सरची धग एकत्र आली, की केबलच्या आतलं अस्तर मऊ होतं. मग हिवाळ्यात हलका वाटणारा गिअर उन्हाळ्यात चिकटतो.

कॉलमवर आणखी एक गोष्ट करायची असते. जुन्या कॉलमवर दांडा एका ठरावीक ओळीकडे ढकलणारी स्प्रिंग असते. नव्या गिअरबॉक्सच्या आतही स्प्रिंग आहे. ती हाताला तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत आणून ठेवते. दोन्ही ठेवल्या तर त्या एकमेकींशी भांडतात आणि न्यूट्रलमध्ये दांडा कुठे उभा राहील याचा भरवसा राहत नाही. कॉलमवरची काढली.

रिव्हर्सचा जुना थांबा तिसऱ्या-चौथ्याच्या पलीकडे असेल तर काम सोपं, तोच पाचव्या-रिव्हर्सचा होतो. पहिल्या-दुसऱ्याच्या पलीकडे असेल तर तो बंद करून दुसऱ्या कडेला नवा द्यावा लागतो. या कामात जुन्या थांब्यावर विसंबायचंच नाही असं ठरवून तीन ओळींची खाच असलेली ४ मि.मी.ची पोलादी प्लेट खालच्या टोकाला बसवली. तिच्यामुळे दांडा ओळ चुकून अर्ध्यावर अडकत नाही. निवडीची केबल उलट्या बाजूने जोडली तर पहिला-दुसरा आणि पाचवा-रिव्हर्स यांची अदलाबदल होते. कोनी लिव्हरचा केबलकडचा पाय विरुद्ध अंगाला फिरवून बसवला की दिशा सरळ होते. दिशा तपासल्याशिवाय इंजिन चालू करू नये.

जिथे बिघडलं

जॅकवर उभ्या गाडीत सहाही गिअर पडले. रस्त्यावर पहिल्याच दिवशी भेरू घाट उतरताना तिसरा सुटला, एकदा नाही, तीनदा. पाचवा देवास रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सुटायचा. दुसरा आणि चौथा ठीक. दांडा हातात रबरासारखा वाटायचा, गिअर बसल्याचा टक्कन आवाज नाही.

असा दोष आला की पहिला संशय गिअरबॉक्सच्या आतल्या भागांवर जातो. तो उघडण्याआधी बाहेरची चाल मोजावी. एकाने आत बसून दांडा शेवटपर्यंत दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली पडून गिअरबॉक्सवरच्या हाताची चाल मोजायची. मग केबलचं टोक सोडून तोच हात पान्याने पूर्ण आत ढकलायचा आणि खुणेपासून तो आणखी किती जातो ते बघायचं.

कॉलमकडचा हात १६ मि.मी. जात होता. गिअरबॉक्सकडे पोचत होते साडेदहा. हवेत १३. म्हणजे तिसरा गिअर अडीच मिलिमीटर अर्धवट बसत होता. मधले साडेपाच मिलिमीटर कुठे गेले हे शोधायला डायल गेज प्रत्येक ब्रॅकेटवर आलटून पालटून लावला. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरचा ब्रॅकेट दाबाखाली पत्र्यासकट २ मि.मी. मागे जात होता. खालचं बुश घट्ट होतं, पण ते ज्या पट्टीत बसवलं होतं ती पट्टी दीड मि.मी. कलत होती. गिअरबॉक्सकडच्या टोकाला केबलची नळी धरणारा ब्रॅकेट १.२ मि.मी. लवत होता. उरलेले ०.८ केबलच्या आतल्या मोकळिकीत आणि टोकाच्या पिनांत.

इथे एक सोपा वाटणारा आणि चुकीचा उपाय आहे. कॉलमकडचा हात ६४ ऐवजी ८५ करायचा, म्हणजे १६ चे २१ होतील आणि साडेपाच गेले तरी पुरेसं उरेल. कागदावर बरोबर. पण लवणं हे जोरावर अवलंबून असतं. हात लांब केला की तोच गिअर टाकायला दांड्यावर जास्त जोर लागतो, आणि ब्रॅकेटांचं लवणं आहे तसंच राहतं. वर दांडा जड आणि आणखी रबरी होतो. आधी लवणं थांबवायचं, चाल नंतर बघायची.

पत्र्याच्या दोन्ही अंगांना ३ मि.मी.च्या प्लेटा, मूळ भोकांतूनच चार बोल्टांनी आवळलेल्या. खालच्या बुशाची पट्टी ५ मि.मी.ची, कॉलमच्या मूळ पकडीपर्यंत नेऊन तिकडे बांधलेली. टोकाच्या पिना काढून बॉल जॉइंट.

पण फक्त दुसरा आणि चौथा का टिकत होते? या जोडणीत दुसरा, चौथा आणि रिव्हर्स केबल ओढून पडतात. पहिला, तिसरा, पाचवा ढकलून. ढकलताना आतली तार नळीत नागमोडी होते आणि नळी ताणली जाते, त्यामुळे ढकलण्याच्या दिशेला नेहमी जास्त चाल हरवते. पहिला गिअर इंजिनाच्या ओढीखालीच वापरला जातो, म्हणून तो सुटला नाही. तिसरा आणि पाचवा मात्र अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सुटत होते, आणि त्यामागे आणखी एक कारण होतं.

गिअरबॉक्सकडच्या टोकाला केबलची नळी धरणारा ब्रॅकेट चासीच्या आडव्या पट्टीवर बसवला होता, कारण तिथे तयार भोकं होती. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात. ओढ लागली की एकीकडे झुकतात, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की दुसरीकडे. नळी चासीला आणि हात गिअरबॉक्सला, म्हणजे गिअरबॉक्स हलला की हात आपोआप ओढला जातो. घाट उतरताना गिअरबॉक्सच स्वतःला तिसऱ्यातून बाहेर काढत होता. उभ्या गाडीत हा दोष कधीच दिसत नाही. ब्रॅकेट चासीवरून काढून गिअरबॉक्सच्या स्वतःच्या दोन बोल्टांवर, ६ मि.मी.च्या पट्टीचा, खाली आधार देऊन बसवला. आता गिअरबॉक्स कितीही डुलला तरी नळी आणि हात एकत्र डुलतात, मधली केबल फक्त थोडी वाकते.

हे झाल्यावर ढकलण्याच्या दिशेला हरवणारी चाल १.६ मि.मी.वर आली. १६ पैकी १४.४ पोचतात, हवेत १३. हात ६४ चाच राहिला. निवडीच्या बाजूला मात्र कोनी लिव्हरचा ४२ चा पाय ४८ करावा लागला, कारण पाचव्याच्या ओळीत पोचायला अर्धा-पाऊण मि.मी. कमी पडत होता आणि दांडा दोन ओळींच्या मधल्या भिंतीवर आदळत होता.

केबली लावताना

गिअरबॉक्सचे दोन्ही हात मोकळे सोडावेत. आतल्या स्प्रिंगने ते तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत, न्यूट्रलवर येऊन थांबतात. कॉलमचा शाफ्ट मध्यावर आणून खाचेच्या प्लेटमधल्या ६ मि.मी.च्या भोकात पिन घालून अडकवावा. मग केबलच्या टोकाचे बॉल जॉइंट आटे फिरवून असे जुळवावेत, की ते बोटाने सहज बसतील, जराही ओढावे-ढकलावे लागणार नाहीत. निवडीची केबल आधी, गिअरची नंतर. एम ८ च्या टोकाला किमान १२ मि.मी. आटे आत हवेत. चेकनट आवळून पिन काढावी. नंतर सहाही गिअरांत, दांड्याने पडलेली आणि हाताने पूर्ण ढकललेली जागा यांत अर्ध्या मि.मी.पेक्षा जास्त फरक नसावा. पहिल्या ५०० कि.मी. नंतर हे पुन्हा करावं, कारण नवी नळी बसते आणि मध्य थोडा सरकतो.

पाचव्यातून थेट रिव्हर्स पडू नये यासाठी अशा गिअरबॉक्सच्या आत बहुधा अटकाव असतो. पण "असेल" यावर सोडायचं नाही. इंजिन बंद, गाडी उभी, पाचवा टाका आणि दांडा न सोडता सरळ विरुद्ध टोकाला न्या. तो न्यूट्रलवरच अडला पाहिजे. केबलची निवडीकडची चाल जास्त झाली तर हा अटकाव निकामी होऊ शकतो, म्हणून प्रत्येक फेरजुळणीनंतर ही चाचणी.

उरलेली कामं

प्रॉपेलर शाफ्टच्या पुढच्या टोकाला व्हर्साचा सरकता योक (शाफ्ट गिअरबॉक्सला जोडणारा तुकडा) जोडून पूर्ण शाफ्ट बॅलन्स केला. गाडी चाकांवर उभी असताना योक आत २० ते २५ मि.मी. आणखी जाऊ शकला पाहिजे. दोन्ही टोकांचे कोन एकमेकांपासून एका अंशाच्या आत. त्यासाठी गिअरबॉक्सच्या मागच्या माउंटिंगखाली ५ मि.मी.ची पट्टी घालावी लागली. नाहीतर ताशी ५०-५५ वर फरशी घुमत होती.

तेल ७५ डब्ल्यू ९०, जीएल-४ दर्जाचं. जीएल-५ मधली गंधकाची द्रव्यं पितळी सिंक्रोंना खाऊ शकतात, "जास्त भारी" म्हणून ते भरू नये. स्पीडोमीटरला जुनी फिरती केबल हवी आणि हा गिअरबॉक्स विजेचा संकेत देतो. मधे छोटी मोटर लावून जुनी केबल फिरवणारी डबी मिळते, ती लावली आणि ६० वर जीपीएसशी जुळवली. रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच गिअरबॉक्सवर तयार होता.

या इंजिनापेक्षा जास्त ताकदीचं इंजिन याच अ‍ॅक्सलवर घालायचा मोह पुढे होऊ शकतो. गिअरबॉक्स ते सहन करेल, मागचा अ‍ॅक्सल आणि ब्रेक करणार नाहीत.

शेवटची चाचणी सिमरोलहून भेरू घाटाने खाली आणि परत वर. गाडीत पाच माणसं. उतरताना तिसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर सोडून, दांड्याला बोटही न लावता पूर्ण घाट. चढताना दुसऱ्यातून चालत्या गाडीत पहिला, क्लच एकदाच दाबून. मागे बसलेल्या आजींनी विचारलं, "गिअर बदलला का रे?" पुढे सलग सीटवर तिघं बसलेली होती, आणि मधल्याचे गुडघे दांड्याला कुठेच लागत नव्हते.